क्षणदीप, कॅमेऱ्यातील अंगभूत

छायाचित्र घेताना क्षणभर तीव्र प्रकाश पाडणारे व कॅमेऱ्याच्या पेटीतच कायमचे बसविलेले साधन म्हणजे अंगभूत क्षणदीप होय. व्यवहारात त्यास ‘फ्लॅश’ असे म्हणतात. स्वतंत्र क्षणदीप कॅमेऱ्यावर अथवा कॅमेऱ्यापासून दूर, हव्या त्या कोनात धरता येतो. अंगभूत क्षणदीपाचे स्थान मात्र ठरलेले असते. तो भिंगापासून अवघ्या काही सेंमी. अंतरावर असतो आणि भिंग ज्या दिशेने पाहते त्याच दिशेने प्रकाश टाकतो. त्याचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

काळोखात छायाचित्र घेणे ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तज्ञांनाच साध्य असलेली, खर्चाची व काहीशी धोक्याची गोष्ट होती. दीडशे वर्षांच्या अवधीत ती कोणासही एक कळ दाबून करता येऊ लागली. या वाटचालीचा अखेरचा टप्पा म्हणजे छोटा अंकीय कॅमेरा होय. त्यात उजेड पाडावयाचा की नाही, हा निर्णयही बहुधा कॅमेराच घेतो. जेथे काळोख हा केवळ अडथळा असतो, तेथे ही सोय निःसंशय उपकारक ठरली; परंतु जेथे काळोख आणि त्यातील मोजका उजेड हा चित्रविषयाचाच भाग असतो, तेथे तिने नोंदीचे स्वरूप बदलून टाकले. रात्री मशालींच्या उजेडात चालणारा बोहाडा आणि अंधाऱ्या घरांच्या भिंतींवर लिहिला जाणारा लग्नाचा चौक यांमुळे पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत.

पूर्वेतिहास : छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला. त्यानंतर पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकारही या संस्थेशी संबंधित होते. त्या काळातील काचपट्ट्यांची संवेदनशीलता अल्प असल्याने छायाचित्रण संपूर्णपणे सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत व्यक्तींची प्रतिमा स्वतंत्रपणे घेऊन ती निराळ्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहे. माणसे त्यांच्या घरात, त्यांच्या नित्याच्या उजेडात टिपणे त्या वेळी जवळजवळ अशक्य होते, हे यामागील एक कारण होय.

कृत्रिम प्रकाशाचे प्रयत्न याच सुमारास यूरोपात चालू होते. विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यांनी १८५१ मध्ये वेगाने फिरणाऱ्या चकतीवर लावलेला छापील कागद विद्युत् ठिणगीच्या प्रकाशात टिपून दाखविला. पॅरिसमधील छायाचित्रकार नादार यांनी १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत विद्युत् प्रज्योताच्या साहाय्याने त्या शहराच्या भुयारांची चित्रे घेतली. तथापि विद्युत् घटमालांचे अवजड साहित्य बरोबर नेणे सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्याबाहेरचे होते. मॅग्नेशियम या धातूच्या ज्वलनाने मिळणारा प्रकाश प्रकाशरासायनिक क्रियेस अतिशय अनुकूल असतो, हे बन्सन व रॉस्को यांनी १८५९ मध्ये दाखविले होते. पुढे या धातूची तार बाजारात येताच १८६४ मध्ये मँचेस्टरच्या ॲल्फ्रेड ब्रदर्स यांनी तिच्या प्रकाशात व्यक्तिचित्र घेतले आणि १८६५ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ या ज्योतिर्विदांनी ईजिप्तमधील महापिरॅमिडाच्या अंतर्भागाची छायाचित्रे घेतली.

तार सावकाश जळत असल्याने प्रकाश क्षणिक नसे. ही अडचण १८८७ मध्ये आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके या जर्मन संशोधकांनी दूर केली. मॅग्नेशियमाच्या चूर्णात पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड मिसळून त्यांनी पेटविताच एकदम भडकणारे क्षणदीप्ती चूर्ण तयार केले. जेकब रीस या वार्ताहराने या चूर्णाचा उपयोग करून न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्यांची छायाचित्रे घेतली व १८९० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या चित्रांमुळे तेथील घरांच्या दुःस्थितीकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. परंतु झोपेतून दचकून उठलेली, डोळे विस्फारलेली माणसेही या चित्रांत दिसतात. चूर्ण उडविताना काही वेळा आगही लागली होती, असे स्वतः रीस यांनीच सांगितले आहे. क्षणदीपामुळे समाजाचा एक दडलेला भाग दृष्टीस पडतो, आणि त्याच वेळी ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याच्या घरावर एक प्रकारचे आक्रमणही होते. हे दुहेरी स्वरूप प्रारंभापासूनच त्यास चिकटलेले आहे.

दीपगोल व इलेक्ट्रॉनीय क्षणदीप : चूर्णाचा धूर व भडका यांवरील पहिला समाधानकारक उपाय म्हणजे बंद काचगोलात धातूचे पातळ पत्र व ऑक्सिजन वायू भरून ते विद्युत् प्रवाहाने पेटविणे हा होय. असे दीपगोल १९२९ मध्ये जर्मनीत बाजारात आले व पुढील दशकात वृत्तपत्र छायाचित्रणात सर्वत्र रूढ झाले. प्रत्येक गोल एकदाच वापरता येत असे. म्हणून एकेका चित्रास किती खर्च येईल, याचा विचार छायाचित्रकारास करावाच लागे. चार दीपगोल एकत्र बसविलेला व प्रत्येक चित्रानंतर फिरणारा ‘फ्लॅशक्यूब’ १९६५ मध्ये प्रचारात आला.

याहून मूलगामी बदल हॅरल्ड एजर्टन यांनी घडवून आणला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९३१ च्या सुमारास त्यांनी वायूने भरलेल्या नळीतून विद्युत् भार एकदम सोडून अत्यल्प काळाचा प्रखर प्रकाश मिळविण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीत काहीही जळत नाही. तीच नळी हजारो वेळा वापरता येते. झेनॉन वायूने भरलेली अशी नळी हा आजच्या इलेक्ट्रॉनीय क्षणदीपाचा गाभा आहे. ट्रॅन्झिस्टरांमुळे पुढे त्याचे वजन घटले आणि १९६० नंतर, विषयावरून परत येणारा प्रकाश मोजून आपोआप विझणारे क्षणदीप निघाले.

कॅमेऱ्यातील समावेश : इलेक्ट्रॉनीय क्षणदीप पेटीतच बसविलेला पहिला कॅमेरा म्हणून जर्मनीतील फोइग्टलेंडर कंपनीच्या ‘व्हिट्रोना’ (१९६४) या कॅमेऱ्याचा उल्लेख केला जातो. परंतु ही कल्पना लोकप्रिय केली ती जपानमधील ‘कोनिका सी ३५ ईएफ’ (१९७५) या ३५ मिमी. फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्याने. याच कंपनीने १९७७ मध्ये आपोआप केंद्रीकरण करणारा कॅमेराही बाजारात आणला. अंतर, झडपेचा वेग, भिंगाचे छिद्र व प्रकाश या चारही गोष्टी छायाचित्रकाराच्या हातून हळूहळू यंत्राकडे गेल्या.

भारतात दीर्घकाळ हौशी छायाचित्रकाराचा कॅमेरा म्हणजे बडोदे येथे तयार होणारा ‘आग्फा क्लिक ३’ हा होता. त्याचा उपयोग मुख्यतः उन्हात होई. रात्रीचे चित्र हवे असल्यास लग्नसमारंभात येणाऱ्या व्यावसायिकाकडेच जावे लागे. १९८० च्या दशकात अंगभूत क्षणदीप असलेले ‘हॉट शॉट’सारखे सोपे कॅमेरे भारतीय बाजारात आले आणि घरातील वाढदिवस, बारसे व रात्रीचे कार्यक्रम कुटुंबातीलच कोणीतरी टिपू लागले.

अंकीय कॅमेऱ्यांच्या आरंभीच्या पिढीत क्षणदीप गृहीत धरलेला नव्हता. ‘ॲपल क्विकटेक १००’ (१९९४) या कॅमेऱ्यात तो होता. मागील बाजूस चित्रदर्शक पडदा असलेल्या ‘कॅसिओ क्यूव्ही-१०’ (१९९५) या गाजलेल्या कॅमेऱ्यात नव्हता. पुढील काही वर्षांत मात्र क्षणदीपाविना छोटा कॅमेरा अपवादात्मक ठरला. २००० नंतरच्या दशकात असे कॅमेरे शिक्षक, आरोग्यसेवक, वार्ताहर व संशोधक यांच्या पिशवीत सहज मावू लागले. २०१० च्या सुमारास जगात वर्षास दहा कोटींहून अधिक छोटे अंकीय कॅमेरे विकले जात होते.

रचना व कार्य : छोट्या कॅमेऱ्यातील विद्युत् घटमाला काही व्होल्टच दाब पुरविते. इलेक्ट्रॉनीय मंडलाने तो सु. ३०० व्होल्टपर्यंत वाढवून त्यावर एक धारित्र भारित केले जाते. उदा., १०० मायक्रोफॅरड धारणेचे धारित्र ३०० व्होल्टपर्यंत भारित केल्यास त्यात ४·५ जूल ऊर्जा साठते. झडप उघडताच काही हजार व्होल्टचा एक सूक्ष्म स्पंद नळीतील झेनॉन वायूचे आयनीकरण करतो, धारित्रातील भार नळीतून वाहतो आणि सु. १/१,००० से. किंवा त्याहूनही कमी काळ पांढरा प्रकाश पडतो. त्यानंतर धारित्र पुन्हा भारित होण्यास काही सेकंद लागतात. तोवर कॅमेऱ्यावरील छोटा दिवा लुकलुकत राहतो व पुढचे चित्र बहुधा घेता येत नाही.

बऱ्याच अंकीय कॅमेऱ्यांत मुख्य प्रकाशापूर्वी एक क्षीण पूर्वस्फुरण सोडून विषयावरून परत आलेला प्रकाश मोजला जातो व त्यावरून मुख्य प्रकाशाचे प्रमाण ठरते. वापरणाऱ्यासमोर सामान्यतः पाच पर्याय असतात : स्वयंचलित, सक्तीने चालू, बंद, रक्तनेत्रदोष कमी करणारा व मंद झडपेसह चालू. शेवटच्या पर्यायात झडप अधिक काळ उघडी राहते; त्यामुळे जवळची व्यक्ती क्षणदीपाने व मागचा परिसर तेथील मूळ उजेडाने, अशा दोन प्रकाशांत एकच चित्र उमटते.

क्षणदीपाचे सामर्थ्य ‘मार्गदर्शक अंक’ या संख्येने सांगतात. हा अंक भिंगाच्या छिद्रांकाने भागला असता प्रकाश पुरेल असे अंतर मिळते. छोट्या कॅमेऱ्याचा मार्गदर्शक अंक संवेदनशीलता १०० असताना ८ मी. धरला व छिद्रांक २·८ असला, तर हे अंतर तीन मीटरही भरत नाही. संवेदनशीलता ४०० केली, तर ते दुप्पट होते. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते : दोन मीटरवर पडणाऱ्या प्रकाशाच्या मानाने चार मीटरवर एक चतुर्थांश व आठ मीटरवर एक षोडशांश प्रकाश पोहोचतो. म्हणून मैदानावरील रात्रीच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून उडविलेला क्षणदीप पुढच्या प्रेक्षकांच्या डोक्यांना उजळतो आणि दूरचा नर्तक अंधारातच राहतो.

दोष : भिंगाच्या इतक्या जवळून व समोरून येणाऱ्या प्रकाशामुळे चेहऱ्यावरील छटा मावळतात, वस्तूचा उठाव सपाट होतो आणि मागील भिंतीवर कडक सावली पडते. डोळ्याच्या बाहुलीतून आत गेलेला प्रकाश आतील रक्तवाहिनीयुक्त पटलावरून थेट भिंगाकडे परततो व बाहुली तांबडी दिसते. डोळ्यांत रंगद्रव्य अधिक असल्यास हा दोष कमी जाणवतो. बैल, शेळी इ. जनावरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे परावर्तक थर असल्याने त्यांचे डोळे हिरवट किंवा पिवळट चमकतात. हवेतील धूलिकण, धुके किंवा पावसाचे थेंब भिंगाजवळच उजळल्यामुळे चित्रात पांढऱ्या धूसर चकत्या उमटतात. काही लोक त्यांना अद्‌भुत मानतात. प्रत्यक्षात ते केंद्राबाहेरील कणांवरून परतलेल्या प्रकाशाचे ठिपके होत. जव्हार व मोखाडा हा सह्याद्रीच्या पश्चिम बाजूचा अतिपर्जन्याचा डोंगराळ मुलूख असून पावसाळ्यात येथे वारंवार दाट धुके पसरते. अशा वेळी क्षणदीप चालू ठेवल्यास समोरचा माणूस दिसण्याऐवजी पुष्कळदा पांढरा पडदाच दिसतो.

जव्हार–मोखाड्यातील उपयोग : जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे ठिकाण होते. हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले व पुढे ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात हे दोन्ही तालुके समाविष्ट झाले. वारली, कोळी महादेव, कोकणा, ठाकर व कातकरी या येथील प्रमुख आदिवासी जमाती होत [⟶ जव्हार, वारली].

होळीनंतरच्या उन्हाळी दिवसांत या भागात व लगतच्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात गावोगावी बोहाडा होतो. यास काही ठिकाणी ‘भोवाडा’ असेही म्हणतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, त्राटिका, वेताळ, महिषासुर इ. देवदेवतांचे व दैत्यांचे मुखवटे धारण केलेली सोंगे वाद्यांच्या तालावर रात्रभर नाचत येतात. देवीच्या सोंगाने उत्सवाची सांगता होते. अनेक गावांत विशिष्ट सोंग नाचविण्याचा मान विशिष्ट घराण्याकडे वंशपरंपरेने असतो. मशाल किंवा टेंभा हा या उत्सवाचा परंपरागत उजेड होय. तो खालून व बाजूने येतो, हलतो, धुरकट होतो. त्यामुळे मुखवट्याच्या भुवया, नाक व सुळे यांच्या सावल्या सतत बदलत राहतात आणि स्थिर मुखवटा सजीव भासतो. मुखवटा घडविणाराही तो याच उजेडात पाहिला जाणार, हे जाणून असतो.

अंगभूत क्षणदीप या दृश्याच्या नेमका उलट परिणाम करतो. त्याचा प्रकाश समोरून, स्थिर व पांढरा असतो. त्याचे वर्ण तापमान सु. ५,५०० केल्व्हिन, तर मशालीच्या ज्योतीचे २,००० केल्व्हिनच्या आसपास असते. परिणामी सोंग निळसर पांढरे व मागचा उजेड तांबूस अशी विजोड सरमिसळ होते किंवा मागचे सर्व काही काळे पडते. मुखवटा चकचकीत रंगाने रंगविलेला असल्यास त्यावर प्रकाशाचे पांढरे डाग पडतात. मुखवट्याचा आकार, रंग, अलंकार व वस्त्रे यांची स्पष्ट नोंद होते, हे खरे. वस्तुसंग्रहालयाच्या यादीस अशी नोंद उपयोगीही पडते. पण ते सोंग लोकांना कसे दिसत होते आणि भोवती बसलेली मुले त्यास का भीत होती, याचा पत्ता त्या चित्रावरून लागत नाही. शिवाय मुखवट्याच्या लहान भोकांतून वाट पाहत नाचणाऱ्या माणसाच्या अंधारास सरावलेल्या डोळ्यांवर एकाएकी प्रखर उजेड पडल्यास त्यास क्षणभर काहीच दिसत नाही. जवळच जळते टेंभे असताना ही बाब गौण मानता येत नाही.

यावर छोट्या कॅमेऱ्यातही उपाय आहेत. क्षणदीप बंद करून संवेदनशीलता वाढविणे, कॅमेरा खांबास किंवा भिंतीस टेकवून झडप सु. १/१५ से. उघडी ठेवणे आणि सोंग क्षणभर थांबते तो ताल हेरून कळ दाबणे हा त्यांपैकी पहिला होय. मंद झडपेसह क्षणदीप वापरल्यास सोंगाची आकृती ठसठशीत येते व मशालींच्या रेषाही उमटतात. मात्र आरंभीच्या अंकीय कॅमेऱ्यांत संवेदनशीलता ४०० च्या पुढे नेल्यास चित्र कणमय होई. म्हणून वापरणारे लोक स्वयंचलित पर्यायावरच विसंबून राहत, व तो अंधारात क्षणदीपच निवडी. पृष्ठभागी प्रकाशित होणारे संवेदक २००९ पासून छोट्या कॅमेऱ्यांत आल्यावर ही अडचण पुष्कळशी कमी झाली. तात्पर्य, पहिल्या दशकातील रात्रीच्या चित्रांचा सपाटपणा हा छायाचित्रकाराच्या अज्ञानाचाच नव्हे, तर त्या काळातील यंत्राच्या मर्यादेचाही पुरावा आहे.

दुसरे उदाहरण वारली चित्रांचे आहे. लग्नप्रसंगी घराच्या आतील, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात; त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. कुडाच्या व शेणामातीने लिंपलेल्या पारंपरिक घरांत खिडक्या नसतात किंवा फार लहान असतात. दारातून तिरपा येणारा उजेड हाच भिंतीवरील चित्राचा उजेड असतो. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही कला शहरी रसिकांपुढे आली, डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी तिला कागद व कापड यांवर नेले आणि तेव्हापासून ती दिवसाच्या उजेडात सहज टिपता येऊ लागली. घरातील भिंतीवरचा चौक मात्र अंधारातच राहिला आणि त्याची छायाचित्रे घेण्यास अंगभूत क्षणदीपच हाताशी आला. त्याच्या समोरून पडणाऱ्या प्रकाशात पांढऱ्या रेषा स्वच्छ येतात. पण लिंपणाचा खडबडीतपणा, काडीने ओढलेल्या रेषेचा कमीजास्त दाब व पिठाचा उठाव नाहीसा होतो. मधला भाग अतिशय उजळ व कोपरे काळे राहतात. दार पूर्ण उघडून, कॅमेरा टेकवून व कळ दाबण्याचे काम समयदर्शकावर सोपवून क्षणदीपाविना घेतलेले चित्र अशा भिंतीस अधिक न्याय देते. भित्तिचित्रांच्या रक्षणाच्या दृष्टीने अजिंठ्याच्या लेण्यांत क्षणदीप वापरण्यास मनाई आहे. वारली चौक टिकविण्यासाठी नसून प्रसंगापुरता असतो. म्हणून येथील प्रश्न चित्र खराब होण्याचा नाही, तर एकदाच दिसणारे चित्र कोणत्या रूपात मागे उरते याचा आहे.

छायाचित्र आणि माणूस : जव्हार तालुक्यातील वावर–वांगणी परिसरात १९९२-९३ मध्ये झालेल्या बालमृत्यूंमुळे कुपोषणाचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला व त्यानंतर जव्हार आणि मोखाडा ही नावे वृत्तपत्रांत पुनःपुन्हा येत राहिली. अशा प्रश्नांच्या वृत्तांकनात झोपडीच्या आतील चित्र हा महत्त्वाचा पुरावा असतो आणि ते क्षणदीपाविना मिळणे अनेकदा कठीण असते. परंतु अंधाऱ्या झोपडीत समोरून उडविलेला क्षणदीप आई व मूल यांना उजळवितो आणि पाठीमागची चूल, कणगी, भांडीकुंडी व घरातील इतर माणसे काळोखात लोटतो. अशा चित्रातील माणूस जणू कोठल्याही घराचा, गावाचा नसतो. त्याचे दारिद्र्य तेवढे दिसते, संसार दिसत नाही. न्यूयॉर्कच्या वस्त्यांत रीस यांच्या चूर्णाने जे केले, तेच खिशात मावणाऱ्या यंत्राने निर्धूरपणे होऊ शकते. अनुमती घेऊन, दचकविल्याशिवाय व शक्य तेथे दारातील उजेडात घेतलेले चित्र पुरावा म्हणून उणे ठरत नाही. उलट त्यात परिस्थिती अधिक दिसते.

दुसऱ्या बाजूस, क्षणदीपाने या भागातील लोकांनाही काही दिले आहे. लग्न, हळद, तारप्याचा नाच किंवा आश्रमशाळेतील कार्यक्रम यांची चित्रे पूर्वी बाहेरून येणाऱ्यांकडेच असत. स्वस्त कॅमेऱ्यांमुळे ती गावातील तरुणांना स्वतः घेणे शक्य झाले. कोणाचे चित्र घ्यावयाचे व कोणाचे नाही, याचा निर्णय गावाकडे येऊ शकला, हा बदल तांत्रिक दोषांहून मोठा आहे.

सद्यःस्थिती : २०१० नंतर मोबाइल दूरध्वनीतील कॅमेऱ्यांनी छोट्या अंकीय कॅमेऱ्यांची जागा घेतली, २०२० मध्ये अशा कॅमेऱ्यांची जागतिक विक्री एक कोटीहूनही कमी झाली. मोबाइल दूरध्वनीत बहुधा झेनॉन नळीऐवजी प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ असतो. त्याचा प्रकाश झेनॉनच्या मानाने क्षीण व अधिक काळ टिकणारा असल्याने हलती आकृती तो तितकी गोठवू शकत नाही. त्याऐवजी अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करण्याची गणनपद्धती वापरली जाते. त्यामुळे अंधारातील चित्र क्षणदीपाविनाही उजळ येते. मात्र कधीकधी ते प्रत्यक्षाहून अधिक उजळ असते, आणि काळोख नाहीसा होण्याचा मूळ प्रश्न निराळ्या रूपात कायम राहतो.

या काळातील अंकीय चित्रांचा एक विशेष अभ्यासकास साहाय्यक ठरतो. जपानमध्ये १९९० च्या दशकात निश्चित झालेल्या ‘एक्झिफ’ या प्रमाणानुसार प्रत्येक चित्रासोबत झडपेचा वेग, छिद्रांक, संवेदनशीलता व क्षणदीप उडाला की नाही याची नोंद आपोआप साठविता येते. बोहाड्याचे एखादे जुने चित्र पाहताना दिसणारा पांढरा उजेड गावाचा की कॅमेऱ्याचा, हे या नोंदीवरून ठरविता येते. मात्र चित्र छापून घेतल्यावर किंवा मोबाइल दूरध्वनीवरून पाठविताना ही नोंद पुष्कळदा गळून पडते. म्हणून लोकोत्सवांची व घरांची छायाचित्रे संग्रहात ठेवताना मूळ अंकीय प्रत जतन करणे आणि स्थळ, तिथी, सोंगाचे नाव यांच्या बरोबरीने त्या वेळी उजेड कशाचा होता हेही लिहून ठेवणे अगत्याचे आहे. टेंभ्यांच्या जागी विद्युत् दिवे आले, तर पुढील पिढीस मशालीच्या उजेडातील बोहाडा केवळ चित्रांतूनच कळेल. आणि ज्या चित्रांत तो उजेड क्षणदीपाने पुसला गेला असेल, त्यांतून तो कळणार नाही [⟶ छायाचित्रण].